कापूस अडकतो तिथे

सोमवार, ४ तारीख

हातोडी मारली आणि मग लक्षात आलं की इथे झाडायला काहीच नाही. रॉडने वेल्ड केलं की वर काळी खपली धरते, ती ठोकून पाडावी लागते. टिगच्या, म्हणजे गॅसखाली केलेल्या, वेल्डवर खपली नसते. हे मला माहीत आहे. हाताला माहीत नाही. हाताने पुन्हा मारली. चकचकीत स्टीलच्या पाइपावर आता दोन खड्डे आहेत. एक वेल्डचा, एक माझा.

माझा कुठून आला ते कळतं. वेल्डचा कुठून येतो ते तुम्हाला विचारायचं आहे.

मामा, नमस्कार राहिला. नमस्कार.

इथल्या प्रसूतिगृहाच्या नव्या जिन्याचा कठडा करायचं काम मी घेतलं आहे. संपूर्ण स्टीलचा. आजवर मी लोखंडाची ग्रिलं आणि गेटं केली, हे तुम्ही जाणता. माझं मशीनही तुम्ही पाहिलं आहे. वेल्डिंगचं साधं इन्व्हर्टर, शिवणाच्या डब्याएवढं. त्याला आता टिगचा टॉर्च जोडला आहे. पेडल नाही, टॉर्चवर बटन नाही. मुठीवर गॅसचा नळ आहे, तो हाताने उघडायचा, मग टंगस्टनची सुई पाइपावर काडीसारखी ओढायची. आर्क, म्हणजे विजेची ज्योत, पेटतो. पेटतो छान, चालतो छान. बंद करायची मात्र सोय नाही. हात मागे घेतला की तुटतो, आणि तुटतो तिथे खड्डा पडतो. टाचणीच्या डोक्याएवढा, काळपट. एखाद्याच्या मधोमध केसासारखी चीर.

डॉक्टरीणबाईंना मी नमुना दाखवला. त्यांनी खिशातून कापसाचा बोळा काढला आणि जोडावरून फिरवला. शेवटाला कापूस अडकला. त्यांनी तंतू ओढून मला दाखवला, जसं काही मीच तो खाल्ला होता. म्हणाल्या, "बाया इथे कळा सोसत चढणार. काही जणी दर पायरीला हा कठडा पिळतील. मला अडकणारा कापूस चालणार नाही." महिनाअखेरीला नव्या जिन्याचं उद्घाटन आहे. त्याच्या आत त्या सगळ्या कठड्यावरून कापूस फिरवणार. अडकला तर काम दुसऱ्याला.

दुकानाच्या पाटीवर 'ग्रिल व गेट' च्या खाली 'स्टीलचं काम' अशी ओळ मी रंगवून घेतली आहे. काम गेलं तर ती पुसावी लागेल. समोरचा शिंपी रोज दोनदा वर बघतो.

अजून एक. तुमची लेक ठिणगी तिकडे तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आली आहे, असं तुम्हाला वाटत असेल. ती त्यासाठीच आली आहे. पण निघण्याआधी आमच्यात थोडं झालं. मी या कामाचं सांगितलं. ती म्हणाली, "हे तुला एकट्याला जमणार नाही." मी एक शब्द बोललो नाही. शांतपणे बाहेर गेलो. दार वाऱ्याने आपटलं. परत आलो तेव्हा ती बॅग भरत होती. आता मी हे एकट्यानेच करून दाखवणार आहे, तेव्हा एकट्याने कसं करायचं ते कळवावं. तिला यातलं काही कळू देऊ नका.

फोन ती उचलत नाही आणि तुम्हाला ऐकू येत नाही. मागे फोनवर तुम्ही मला तीनदा 'हो' म्हणालात, ते कशाला हे मला अजून समजलेलं नाही. म्हणून पत्र.

डोळ्याची काळजी घ्यावी.

तुमचा,
जावई


शुक्रवार, ८ तारीख

जावईबापूंना अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. एका डोळ्यावर पट्टी आहे आणि दुसरा अजून कापायचा आहे, त्यामुळे ते मला वाचून दाखवण्यात आलं. हे उत्तरही मी सांगतो आहे, हात दुसऱ्याचा आहे.

(हात माझा आहे. वाचूनही मीच दाखवलं. 'तिला यातलं काही कळू देऊ नका' हेसुद्धा मोठ्याने वाचलं. त्या दिवशी वारा नव्हता. दोरीवरचा रुमालसुद्धा हलत नव्हता. – ठिणगी)

तुम्ही रॉडवाले. रॉड उचलला की रॉडवाल्याचं काम संपतं, कारण मागे खपली राहते आणि गरम वेल्डला झाकून ठेवते. टिगला झाकणारा फक्त गॅस. तो येतो टॉर्चमधून. तुम्ही टॉर्च उचललात की अंगावरचं पांघरूण ओढून घेतलंत. वितळलेलं स्टील उघडं पडतं, हवा खातं आणि काळं होतं. शिवाय रस एकदम थिजला की मधोमध खचतो. तो तुमचा खड्डा. माझ्या हाताखालच्या माणसाने मला हे विचारलं असतं तर मी त्याला जे म्हटलं असतं, ते जावयाला म्हणता येत नाही.

(बाबांनी तो शब्द सांगितला आणि मग लिहू नको म्हणाले. जावयाला तो चालणार नाही. नवऱ्याला चालेल: गाढव.)

आयुष्यभर मी दुधाच्या टाक्या केल्या. टाकीत असा खड्डा राहिला की त्यात दूध बसतं, कितीही धुतलं तरी निघत नाही, आणि मग उद्याचं दूधही नासतं. तुमच्या डॉक्टरीणबाईंकडे कापूस आहे, माझ्याकडे नाक होतं. गिऱ्हाइकाला टाकी द्यायच्या आधी मी आत डोकं घालायचो. बाई हुशार दिसतात. त्यांना माझा नमस्कार सांगा.

आता उपाय. जोड जिथे संपतो त्या टोकाला भंगारातला स्टीलचा तुकडा अगदी चिकटवून लावा. वेल्ड करत करत त्याच्यावर उतरा. आर्क तिथे तोडा. खड्डा भंगाराला पडेल. तुकडा कापून टाका.

हातोडी कुलपात ठेवा.

(आणि किल्ली शिंप्याकडे दे. नाहीतरी त्याचं लक्ष तिकडेच असतं.)

मामा


बुधवार, १३ तारीख

मामांना नमस्कार.

हातोडी कुलपात आहे, किल्ली शिंप्याकडे.

भंगाराच्या तुकड्याची युक्ती सपाट पट्टीवर करून पाहिली. उत्तम. शेवट असा आला की मी शिंप्याला बोलावून दाखवला. त्याने बोट फिरवलं आणि म्हणाला, "गाठ कुठे मारलीस?" एवढं कौतुक त्याने आजवर कोणाचं केलेलं नाही.

मग कठड्याकडे वळलो. कठड्याचे पाइप गोल. उभा पाइप आडव्या पाइपाला जोडायचा, म्हणजे जोड गोल फिरून जिथे सुरू झाला तिथेच येतो. त्याला टोकच नाही. तुकडा लावायचा कुठे? मी विचार केला की मामांनी सांगितलं आहे म्हणजे कुठेतरी लावायचाच असणार. बाहेरच्या बाजूला लावला. आर्क त्याच्यावर नेला, तोडला. खड्डा भंगाराला पडला, हे खरं. पण भंगार पाइपाला असं बसलं की हाताने हलेना. असे मी ओळीने पाच जोड केले.

डॉक्टरीणबाई वरून उतरत होत्या. कठड्याला पाच पंख फुटलेले पाहून थांबल्या. "हे टॉवेल वाळत घालायला का?" म्हणाल्या. मी हो म्हणालो. का म्हणालो माहीत नाही. त्या म्हणाल्या, "इथे नकोत." मग मी ग्राइंडर आणला. पंख गेले. त्यांच्या जागा राहिल्या आहेत.

पत्र लिहिणाऱ्या व्यक्तीस कळवावं की रुमाल ओला होता, म्हणून हलत नव्हता. वारा होता.

गोल जोडाचा शेवट कुठे करायचा, कळवावं. दिवस थोडे राहिले आहेत.

तुमचा,
जावई


शनिवार, १६ तारीख

जावईबापूंना आशीर्वाद.

पाच जोड. पहिल्यानंतर कोणाला शंका आली असती.

(बाबांनी इथे तोच शब्द पुन्हा सांगितला. आता त्यांना लिहायलाही हरकत नाही म्हणतात. मीच गाळते आहे. एका पत्रात एकदा पुरे.)

गोल जोडाला टोक नसतं, तेव्हा शेवट स्वतःच्याच सुरुवातीवर करायचा. फिरून आलात की थांबू नका. आपल्याच जुन्या वेल्डवर थोडं पुढे चढा. तिथे हात जरा वेगाने न्या. वेग वाढला की रसाचं डबकं लहान होतं. डबकं जितकं लहान तितका खड्डा लहान. लहान झालं की दुसऱ्या हातातल्या भरायच्या तारेचा शेवटचा एक थेंब द्या, म्हणजे मधोमध खचायला जागाच राहणार नाही. आणि मग

(बाबा झोपले. 'आणि मग' म्हणाले आणि घोरायला लागले. औषधाने असं होतं. पत्र आजच्या टपालात पडायला हवं, म्हणून पुढचं मी लिहिते. त्यांचं काम मी लहानपणापासून पाहिलं आहे, तेव्हा नाक मुरडू नकोस.

आणि मग मनगटाने झटका द्यायचा. ओल्या हाताचं पाणी झटकतात तसा, बाजूला. आर्क तुटतो. तू इथपर्यंत करतोस. पुढचं करत नाहीस. आर्क तुटला की तू नळ बंद करतोस, काच वर करतोस आणि चहा प्यायला जातोस. मी पाहिलेलं आहे. वेल्ड अजून लाल असतं आणि तू शिंप्याच्या दुकानात असतोस.

झटका दिल्यावर लगेच परत त्याच जागेवर यायचं. टॉर्च वर धरायचा. गॅस चालू ठेवायचा. आर्क नाही, काही नाही, नुसता गॅस. लाल रंग जाईपर्यंत तिथेच उभं राहायचं. गेला की अजून थोडं. काही करायचं नाही, काही बोलायचं नाही, निघून जायचं नाही. एवढंच आहे.

रुमाल वाळलेला होता. मी त्याची घडी घातली होती.)

मामांच्या वतीने,
ठिणगी


बुधवार, २० तारीख

मामांना नमस्कार. आणि लिहिणाऱ्या व्यक्तीस.

दोन दिवस भंगाराच्या पाइपांवर हेच करतो आहे. जुन्या वेल्डवर चढतो. वेगाने जातो. थेंब देतो. झटका देतो. परत येतो. उभा राहतो.

उभं राहणं सोपं नाही. हाताला वाटतं, काम झालं, चला. शिंपी विचारतो, "काय झालं, अडकलास का?" मी म्हणतो, "उभा आहे." तो म्हणतो, "ते दिसतंय." पण फरक आहे. शेवट पूर्वी काळा यायचा, तो आता वाळल्या गवतासारखा पिवळा येतो. चार जोडांतले दोन असे येतात की कापूस त्यांच्यावरून सरळ जातो. (मीही आता खिशात कापूस ठेवतो.)

उरलेल्या दोनांची गोष्ट अशी. झटका दिल्यावर परत येताना मी घाई करतो आणि फार जवळ जातो. सुई टेकते. मशीन चालूच असतं, ते बिचारं वाटच पाहत असतं. आर्क पुन्हा पेटतो. मग तिथे जुन्या खड्ड्याशेजारी नवा खड्डा, आणि सुईला गोळा. पुन्हा सुई घासा, पुन्हा सुरुवात. म्हणजे मी निघून गेलो तरी खड्डा, आणि परत आलो तरी खड्डा. किती लांब राहायचं आणि किती जवळ यायचं, हे मला काही केल्या समजत नाही.

चार जोडांतले दोन चालणार नाहीत. डॉक्टरीणबाई अर्ध्या कठड्यावरून कापूस फिरवून घरी जाणार नाहीत. खऱ्या कठड्याचे जोड अजून करायचे आहेत आणि आता पंख लावायलाही जागा उरलेली नाही. शिंप्याने काल विचारलं, पाटी पुसायला रॉकेल चालतं की टर्पेंटाइन लागतं.

मामा, एक सरळ प्रश्न. इतकी वर्षं, इतक्या टाक्या, एकाही शेवटाला डाग नाही. तुमचं मशीनही साधंच होतं. तुम्ही असाच झटका देत होता का?

तुमचा,
जावई


शनिवार, २३ तारीख

जावईबापूंना आशीर्वाद.

पट्टी निघाली. हे मी स्वतः लिहितो आहे. अक्षर मोठं आहे आणि ओळी उतरत आहेत, चालवून घ्या. ठिणगी बाजारात गेली आहे. तुमची सगळी पत्रं तिच्या उशीखाली होती. मी काढली आणि उजेडात बसून पहिल्यापासून वाचली.

तुमच्या सरळ प्रश्नाला सरळ उत्तर: नाही. मी आयुष्यात एकदाही झटका दिला नाही. गरज पडली नाही.

आर्क तोडायचा नसतोच. विझवायचा असतो. करंट हळूहळू उतरवला की रस हळूहळू आटतो, डबकं बटणाएवढं होतं, मोहरीएवढं होतं आणि नाहीसं होतं. हात जागचा हलत नाही. मग खड्डा नाही, चीर नाही, सुई टेकायचा प्रश्न नाही. मोठ्या मशीनला हे काम पेडल करतं. आपल्यासारख्या मशीनला करंटचा एकच नॉब, तोही मशीनवर. वेल्ड करणाऱ्याच्या एका हातात टॉर्च, दुसऱ्यात तार. नॉब फिरवायला तिसरा हात लागतो.

माझ्या मशीनच्या नॉबवर तुमच्या सासूबाई असायच्या. जोडाच्या शेवटाला आलो की त्या नॉब उतरवत जायच्या. मी कधी 'आता' म्हणालो नाही. म्हणालो असतो तरी त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नसतं. त्या आर्कच्या आवाजावरून ओळखायच्या. लोक म्हणायचे, मामांचा शेवट बघा. मामांचा शेवट मामींच्या बोटात होता. त्या थकल्या तेव्हा ठिणगी उभी राहायला लागली. तिचं बोट आईपेक्षाही हलकं.

तुम्ही म्हणाल, मग पहिल्या पत्रालाच का नाही सांगितलं. तुम्ही विचारलंत की एकट्याने कसं करायचं. मी एकट्याचे उपाय सांगितले. आणि बाकी मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. तुम्ही तिच्याशी लग्न केलं आहे.

काल मी तिला विचारलं, तू तरी का नाही लिहिलंस. ती म्हणाली, "मी सांगत होते. तेवढ्यात दार आपटलं." मग तिने मला ते वाक्य पूर्ण सांगितलं. तुमच्या पत्रात ते अर्धंच आहे. पूर्ण असं होतं: "हे तुला एकट्याला जमणार नाही, मी नॉबवर उभी राहते."

तेव्हा तिने तुम्हाला लिहिलेला जो शब्द आहे, त्याला आता माझीही संमती आहे.

ती बाजारात गेली आहे ती प्रवासासाठी पिशवी घ्यायला. जुन्या बॅगेची चेन गेली. मंगळवारच्या बसने निघते आहे. हे तुम्हाला सांगू नको असं तिने सांगितलं आहे. मला ऐकू आलं नाही.

दुसरा डोळा पुढच्या महिन्यात. तेव्हा तुम्ही दोघे या.

मामा


बुधवार, २७ तारीख

मामांना नमस्कार.

काल संध्याकाळी ती आली. मी दुकान झाडून ठेवलं होतं आणि सहज तिथे उभा आहे असं दाखवत होतो. तिने पिशवी खाली ठेवली आणि वर पाटीकडे पाहिलं.

"रंग वाळला का?"

"वाळला."

तिने स्टुलावर चढून बोट लावून पाहिलं. "मग आता पुसता येणार नाही," म्हणाली, आणि आत गेली. शिंप्याने दुकानातूनच तिला नमस्कार केला. मला तो कधी करत नाही.

आज सकाळपासून आम्ही प्रसूतिगृहाच्या जिन्यात आहोत. मशीन पायरीवर, ती मशीनशेजारी, हात नॉबवर, डोळ्यांसमोर जुनी काच. मी तिला समजावून सांगितलं, "मी 'हं' म्हणालो की कमी करायला लाग."

"तू गप्प राहा. मला ऐकू येतं."

"काय ऐकू येतं?"

"शेवटाला आलास की तुझा आर्क बदलतो. घाई करतो. ते ऐकू येतं."

पहिला जोड. मी फिरून आलो, जुन्या वेल्डवर चढलो, थेंब दिला. आर्क बारीक व्हायला लागला. मामा, तुम्ही बटण आणि मोहरी लिहिलं होतंत, पण समोर बघताना धीर राहत नाही. आपल्या हातून काहीतरी निसटतं आहे असं वाटतं. मी झटका दिला.

"हात खेचू नकोस."

"मी खेचला नाही."

"मग काय, वारा होता?"

जिन्यात वारा येत नाही. मी तो खड्डा घासून काढला आणि पुन्हा सुरुवात केली.

दुसऱ्या जोडाला मी दात आवळून उभा राहिलो. आर्कची शीळ बारीक झाली, अजून बारीक झाली. डबकं लहान होत गेलं. मी हात हलवला नाही. मग ते तिथे नव्हतं. कधी गेलं ते मला दिसलं नाही. गॅसचा आवाज तेवढा राहिला. मी टॉर्च तसाच धरून होतो.

"किती वेळ उभा राहणार?" ती म्हणाली.

"लाल जाईपर्यंत."

"गेलं."

"मग अजून थोडं."

काच वर करून पाहिलं. शेवट सापडेना. दोघांनी शोधला. मी माझ्या खिशातला कापूस काढला, तिने तो माझ्या हातातून घेतला आणि पाइपाभोवती फिरवला. मग पुन्हा उलटा फिरवला. कापूस जसा होता तसा परत दिला.

त्यानंतर जोडामागून जोड होत गेले. मी वेल्ड करायचो, ती उतरवायची, मी उभा राहायचो. पंखांच्या जुन्या जागाही त्यात भरून निघाल्या. दुपारी डबा खाताना मी तिला म्हणालो, त्या दिवशी मी वाक्य पूर्ण ऐकायला हवं होतं. ती म्हणाली, "हो." मी थांबलो. मला वाटलं ती अजून काही म्हणेल. ती खात राहिली. मी तरीही तिथेच बसून राहिलो. थोड्या वेळाने तिने तिच्या डब्यातली अर्धी पोळी माझ्या डब्यात ठेवली.

शेवटचा जोड सगळ्यात वर, जिना संपतो तिथला. उजेड खिडकीतून तिरपा येत होता. तो जोड त्या दिवसातला सगळ्यात चांगला आला. तिने काच काढली, मी काच काढली. दोघेही खूश होतो. आणि मामा, कशी कोण जाणे, माझ्या पट्ट्याला हातोडी होती. किल्ली शिंप्याने परवा स्वतःहून परत आणून दिली होती. म्हणाला, माणसाला आपली हत्यारं हवीत. हात गेला. मी पाहत होतो आणि हात गेला.

आवाज खालच्या मजल्यापर्यंत घुमला. कोणाचं तरी बाळ रडायला लागलं.

तुमची मुलगी पायरीवर बसली आणि इतकी हसली की काच हातातून सुटून चार पायऱ्या खाली गेली. मी तिला विचारलं, खड्डा पडला आहे का. तिला बोलता येईना. तिने नुसतं बोट दाखवलं.

वेल्डला काही झालं नाही. वेल्डच्या शेजारी पाइपावर धारेची खूण आहे. बारीक आहे. आज घासायला उजेड उरला नाही. उद्या सकाळी डॉक्टरीणबाई येणार आहेत. पत्र उद्याच टाकेन.

तुमचा,
जावई

ता. क. गुरुवार, सकाळ. डॉक्टरीणबाईंनी खालपासून कापूस फिरवत आणला. एकाही जोडाला अडकला नाही. वरच्या जोडाच्या पुढे, हातोडीच्या खुणेला अडकला. त्यांनी तंतू काढून आम्हाला दाखवला. ठिणगीने माझ्याकडे पाहिलं नाही, पिशवीतून कानस काढून माझ्या हातात दिली. मी घासलं. त्यांनी पुन्हा फिरवला. गेला. मग त्यांनी कापूस खिशात ठेवला आणि कठड्याला हात धरून खाली गेल्या.